परक्या संघांचा माणूस : बोरा मिलुटिनोविच

विश्वचषक फुटबॉलमधले प्रशिक्षक म्हटलं की जिंकलेल्यांची नावं आधी आठवतात. मारिओ झागालो आणि फ्रान्झ बेकेनबाउर यांनी खेळाडू म्हणून विश्वचषक जिंकला आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही. २०१८ मध्ये दिदिए देशाँ त्यांच्या पंगतीला जाऊन बसला. या पुस्तकाचा नायक त्या पंगतीतला नाही. वेलिबोर मिलुटिनोविच, ज्याला फुटबॉलचं जग नुसतं ‘बोरा’ म्हणतं, त्यानं ना कधी विश्वचषक जिंकला, ना उपांत्य फेरी गाठली. खेळाडू म्हणून तर विश्वचषकाच्या मैदानावर त्याचं पाऊलही पडलं नाही. पण १९८६ ते २००२ या काळात झालेल्या पाचही विश्वचषकांत तो प्रशिक्षक म्हणून हजर होता आणि दर वेळी वेगळ्या देशाचा संघ घेऊन आला होता. १९८६ ला मेक्सिको, १९९० ला कोस्टारिका, १९९४ ला अमेरिका, १९९८ ला नायजेरिया आणि २००२ ला चीन. त्याच्याआधी हे कुणालाही जमलं नव्हतं. यातले पहिले चार संघ गटसाखळी ओलांडून पुढे गेले. त्या चारांपैकी एकाचीही गणना तेव्हा जगातल्या बलाढ्य संघांत होत नव्हती.

एवढं सांगितलं की माणसं लगेच त्याला जादूगार ठरवतात. वृत्तपत्रांनीही त्याला चमत्कार करणारा म्हणून खूप मिरवलं. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सुरुवातीलाच सांगायला हवं. त्या पाच संघांकडे नीट पाहा. मेक्सिको आणि अमेरिका यजमान होते, त्यामुळे त्यांना पात्रता फेरी खेळावीच लागली नाही. कोस्टारिका आणि नायजेरिया बोरा येण्याआधीच, दुसऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली पात्र ठरले होते. या पाचांपैकी पात्रता फेरीतून त्यानं स्वतः वर आणलेला संघ एकच, तो चीनचा. आणि नेमका तोच संघ मुख्य स्पर्धेत तिन्ही सामने हरला, त्याला एक गोलसुद्धा करता आला नाही. बोराच्या कामाचं मोल करायचं तर ही गोष्ट झाकून चालणार नाही. उलट ती समोर ठेवली तरच त्याचं खरं कसब कशात होतं ते कळतं. पायापासून घर बांधणारा तो गवंडी नव्हता. बिचकलेल्या संघाला थोड्या दिवसांत उभं करायचं आणि समोरच्या मोठ्या नावाची भीती त्याच्या मनातून काढायची, हे त्याचं काम होतं. त्या कामात विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं, असं मी ठामपणे म्हणतो.

बोराचा जन्म ७ सप्टेंबर १९४४ चा, बायिना बाश्ता या गावातला. हे गाव सर्बियाच्या पश्चिम सीमेवर, द्रिना नदीच्या काठी आहे. दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं. त्या युद्धानं आणि पाठोपाठच्या आजारपणानं घरातली मोठी माणसं नेली. तीन भाऊ पोरके झाले आणि नातेवाइकांच्या आधारानं वाढले. मिलोश, मिलोराद आणि बोरा. तिघंही फुटबॉलपटू झाले, तिघंही बेलग्रेडच्या पार्तिझान क्लबकडून खेळले. थोरला मिलोश त्या पिढीतला युगोस्लाव्हियाचा नावाजलेला आघाडीपटू होता. १९५४ आणि १९५८ अशा दोन विश्वचषकांत तो खेळला, पुढे देशाच्या संघाचा प्रशिक्षकही झाला. मधला मिलोराद १९५८ च्या संघात होता. धाकट्या बोराच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. तो मधल्या फळीत खेळायचा, चेंडू सांभाळायचा, पास देताना विचार करायचा. पण थोरल्या भावाची सर त्याच्या खेळाला नव्हती, आणि ज्या घरात मिलोश होता तिथं हे रोज दिसत असणार.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर बोरानं देश सोडला. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रेंच लीगमध्ये मोनाको, नीस, रुआँ असे मुक्काम करत १९७२ मध्ये तो थेट मेक्सिको सिटीत पोचला. इथं त्याला पुमास भेटला. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा हा क्लब. मोठमोठे खेळाडू विकत घेण्यापेक्षा आपल्याच पोरांना घडवून वरच्या संघात आणायचं, ही या क्लबची रीत. परदेशातून आलेला, तिशीकडे झुकलेला हा मधल्या फळीतला खेळाडू तिथं रमला. त्यानं स्पॅनिश आपलीशी केली, मेक्सिकन मुलीशी लग्न केलं, आणि खेळणं थांबल्यावर १९७७ मध्ये त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. मेक्सिकोत तो आजही घरचाच मानला जातो.

पुमासमधली ही वर्षं बोराच्या कारकिर्दीवर लिहिणारे बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. माझ्या मते सगळं तिथंच घडलं. त्याच्या हाताखाली ह्युगो सांचेझ नावाचा तरुण गोलवर गोल करत होता, जो पुढे रेआल माद्रिदचा तारा झाला. मान्युएल नेग्रेते होता, लुईस फ्लोरेस होता. १९८१ मध्ये क्रूस आसूलला अंतिम फेरीत हरवून पुमासनं मेक्सिकोची लीग जिंकली आणि सांचेझ स्पेनला रवाना झाला. या मुलांबरोबर काम करताना बोराला एक सवय लागली, ती शेवटपर्यंत टिकली. तो खेळाडूला उत्तर देत नसे, प्रश्न विचारत असे. तू तिथं का उभा होतास? चेंडू तुझ्याकडे यायच्या आधी तू कुणाकडे पाहिलंस? त्याच्या हाताखाली खेळलेल्या निरनिराळ्या देशांतल्या खेळाडूंनी या प्रश्नांची आठवण सांगितली आहे. काहींना त्याचा राग येई. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकानं काय करायचं ते सरळ सांगावं, कोडी घालू नयेत, असं त्यांना वाटे. पण सामन्यात बाकावरचा प्रशिक्षक पंचवीस यार्डांवरच्या बचावपटूच्या कानात येऊन काही सांगू शकत नाही. तिथं त्याचा त्यालाच निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयाचा सराव बोरा करून घेत होता.

१९८३ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं त्याच्याकडे आली तेव्हा देश फुटबॉलमध्ये खचलेला होता. १९७८ ला अर्जेंटिनात मेक्सिको तिन्ही सामने हरला होता, त्यात पश्चिम जर्मनीकडून सहा गोल खाल्ले होते. १९८२ ला तर संघ पात्रच ठरला नाही. कोलंबियानं माघार घेतल्यामुळे १९८६ चं यजमानपद अचानक मेक्सिकोकडे आलं. सप्टेंबर १९८५ मध्ये भूकंपानं राजधानी हादरली, हजारो माणसं गेली. अशा देशासाठी ही स्पर्धा निव्वळ खेळ उरली नव्हती. बोराच्या संघानं बेल्जियमला २-१ असं हरवलं, पराग्वेशी १-१ अशी बरोबरी केली. त्या सामन्यात अखेरच्या मिनिटांत सांचेझची पेनल्टी गोलरक्षकानं अडवली. मग इराकला १-० नं नमवून संघ गटात पहिला आला. पुढच्या फेरीत बल्गेरियाविरुद्ध अझ्टेका स्टेडियमवर नेग्रेतेनं हवेत आडवं होऊन मारलेला गोल मेक्सिकोत आजही दाखवला जातो. तो पुमासचाच पोरगा.

उपांत्यपूर्व फेरीत माँतेरेच्या उकाड्यात गाठ पडली पश्चिम जर्मनीशी. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. जर्मनीचा बेर्टोल्ड लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, जादा वेळेत मेक्सिकोचा हाविएर आगिरे गेला. पेनल्टी शूटआउटमध्ये शूमाखरनं दोन फटके अडवले आणि मेक्सिको ४-१ असा बाहेर पडला. आठ वर्षांपूर्वी सहा गोलांनी तुडवणाऱ्या संघाला मेक्सिकोनं दोन तास रोखून धरलं होतं. पुढे १९९४ पासून २०१८ पर्यंत सलग सात विश्वचषकांत मेक्सिको उपउपांत्यपूर्व फेरीतच हरला आणि २०२२ ला तिथवरही पोचला नाही. मेक्सिकन चाहते ‘पाचवा सामना’ म्हणून ज्याचा ध्यास घेऊन बसले, तो सामना २०२२ पर्यंत त्यांनी शेवटचा पाहिला तो बोराच्या संघाचा. लाल कार्ड मिळालेल्या आगिरेचं नाव लक्षात ठेवा. ते पुढे येणार आहे.

माझ्या दृष्टीनं बोराचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं, १९९० चं. कोस्टारिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, तेव्हाची लोकसंख्या तीसेक लाख. पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरलेला. गटात ब्राझील, स्वीडन आणि स्कॉटलंड. बोरा दाखल झाला तेव्हा स्पर्धा काही आठवड्यांवर आली होती. त्यानं आल्या आल्या संघात मुरलेल्या काही खेळाडूंना घरी बसवलं. ज्यांनी देशाला इथवर आणलं त्यांनाच वगळल्यानं कोस्टारिकात गदारोळ उठला. उपरा माणूस येतो आणि आमच्या पोरांच्या पोटावर पाय देतो, अशीच ती भावना होती, आणि ती चुकीची होती असं मला म्हणवत नाही. त्या खेळाडूंवर अन्याय झालाच. पण बोराला हवी होती धावणारी, नवी, पराभवाचं ओझं नसलेली माणसं, आणि ती त्यानं निवडली.

११ जून १९९०, जेनोआ. पहिला सामना स्कॉटलंडशी. स्कॉटलंडच्या चाहत्यांनी दोन गुण जणू खिशात घातलेच होते. मध्यंतरानंतर चार मिनिटांनी क्लाउदिओ हारानं गोलकडे पाठ असताना टाचेनं चेंडू मागे सरकवला आणि हुआन कायासोनं पुढे येणाऱ्या गोलरक्षकाला चकवून तो जाळ्यात टाकला. तो टाचेचा पास मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. देशाच्या पहिल्यावहिल्या विश्वचषक सामन्यात, गोलासमोर, पाठमोऱ्या खेळाडूला असं काही सुचणं म्हणजे त्याच्या मनावर दडपण उरलं नव्हतं याचा पुरावा. उरलेला वेळ गोलरक्षक गाबेलो कोनेहोनं स्कॉटलंडचे हल्ले परतवले आणि सामना १-० नं संपला.

पुढचा सामना तुरिनला, ब्राझीलशी. लाल शर्ट घालणारा कोस्टारिकाचा संघ त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घालून उतरला. तुरिन हे युव्हेंटसचं गाव आणि युव्हेंटसचे रंग हेच. स्थानिक प्रेक्षक आपल्या बाजूनं व्हावेत म्हणून ही बोराची युक्ती होती असं सांगतात. कोस्टारिकाच्या ला लिबेर्ताद या जुन्या क्लबचेही रंग तेच, त्याच्या सन्मानार्थ ते घातले अशीही एक बाजू आहे. कारण काहीही असो, ब्राझीलला त्या सामन्यात एकच गोल मिळाला, तोही बचावपटूला लागून वळलेला. मग पुन्हा जेनोआत स्वीडननं आघाडी घेतली असताना कोस्टारिकाच्या फ्लोरेसनं बरोबरी साधली आणि बदली म्हणून उतरलेल्या एर्नान मेडफर्डनं शेवटच्या मिनिटांत एकटा धावत सुटून विजयी गोल केला. कोस्टारिका बाद फेरीत! तिथं जायबंदी कोनेहोशिवाय उतरलेल्या या संघाला चेकोस्लोव्हाकियानं ४-१ असं हरवलं, त्यात स्कुहराव्हीनं डोक्यानं तीन गोल केले. पण घरी परतलेल्या संघाचं जे स्वागत झालं ते विजेत्यांना शोभेल असं होतं. १९८६ आणि १९९० च्या या स्पर्धा आपल्याकडच्या कित्येक घरांनी दूरदर्शनवर पाहिल्या. मॅराडोना, मथायस, शिलाची सगळ्यांच्या ध्यानात राहिले, बाकावरचा हा विस्कटलेल्या केसांचा माणूस मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. हे पुस्तक मराठीत यायला हवं होतं ते त्यासाठीही.

अमेरिकेतली गोष्ट निराळी, कारण तिथं त्याला वेळ मिळाला. १९९४ ची स्पर्धा अमेरिकेत होणार होती आणि त्या देशात तेव्हा पहिल्या दर्जाची व्यावसायिक मैदानी लीगच नव्हती. पेले खेळून गेलेली जुनी लीग १९८४ नंतर बंद पडली होती. १९९० ला अमेरिकेचा संघ तिन्ही सामने हरून परतला होता. १९९१ मध्ये बोरा आला आणि त्याच वर्षी पहिल्या गोल्ड कपच्या उपांत्य फेरीत त्याच्या अमेरिकेनं मेक्सिकोला २-० नं हरवलं, अंतिम फेरीत होंडुरासला पेनल्टींवर. मग कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहो इथं कायमचा तळ पडला. ज्यांना युरोपात क्लब नव्हता अशा खेळाडूंना महासंघानं पगारी करारावर ठेवलं आणि राष्ट्रीय संघ हाच त्यांचा क्लब झाला. रोज सराव, सततचे मैत्रीपूर्ण सामने, विमानप्रवास. १९९३ च्या जूनमध्ये फॉक्सबरोला इंग्लंड या संघाकडून ०-२ असं हरलं तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी आपल्या प्रशिक्षकाला सोलून काढलं. दुसऱ्या बाजूला काय घडत होतं ते फार थोड्यांनी पाहिलं.

विश्वचषकात पहिला सामना छताखालच्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये, स्वित्झर्लंडशी. एरिक विनाल्डाच्या फ्री किकनं १-१ अशी बरोबरी झाली. २२ जूनला पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये नव्वद हजारांवर प्रेक्षकांसमोर कोलंबिया उभा होता. अर्जेंटिनाला त्याच्या घरात ५-० नं लोळवून आलेला, अनेकांनी विजेता ठरवून टाकलेला संघ. अमेरिका २-१ नं जिंकली. पहिला गोल कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेलेला. दहा दिवसांनी मेडेयिनमध्ये २७ वर्षांच्या एस्कोबारला गोळ्या घालून मारण्यात आलं. फुटबॉलच्या इतिहासात त्या विजयाची नोंद यापुढे नेहमी या मृत्यूसोबतच होणार, आणि ती तशीच व्हायला हवी.

४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, स्टॅनफर्डला बाद फेरीत ब्राझील. लिओनार्दोनं टॅब रामोसला कोपर मारून त्याची कवटी फोडली आणि लाल कार्ड घेतलं. पूर्ण उत्तरार्ध ब्राझील दहा जणांनिशी खेळत होता, तरी अमेरिकेनं धाडस केलं नाही. बेबेटोनं ७२ व्या मिनिटाला गोल केला आणि खेळ संपला. बोरावर टीका झाली ती इथं, आणि ती रास्त होती. कमकुवत संघाला न हरायला शिकवणं त्याला छान जमे. समोर संधी उभी असताना झेप घ्यायला शिकवणं त्याला तितकं जमलं नाही. पण १९९६ मध्ये अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा तिचे सुरुवातीचे ओळखीचे चेहरे, लालास, रामोस, मेओला, विनाल्डा, हे बोराच्या याच संघातले होते. १९९५ मध्ये महासंघानं बोराला निरोप दिला.

त्यानंतर पुन्हा मेक्सिको. १९९६ चा गोल्ड कप जिंकला, १९९७ च्या कोपा अमेरिकेत तिसरा क्रमांक आला, पात्रतेच्या अंतिम गटात संघ एकही सामना हरला नाही. तरीही अझ्टेकावर दहा जणांच्या अमेरिकेशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर प्रेक्षक उलटले आणि थोड्याच दिवसांत त्याची गच्छंती झाली. संघाला फ्रान्सचं तिकीट मिळवून देऊनही हे घडलं. प्रशिक्षकाच्या खुर्चीची किंमत कळायला हा प्रसंग पुरेसा आहे.

फ्रान्सला तो गेलाच, पण नायजेरियाबरोबर. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, गुणी खेळाडूंनी भरलेला, वादांनी पोखरलेला संघ. १३ जून १९९८ ला नाँतमध्ये स्पेन दोनदा आघाडीवर होता. आधी आदेपोजूनं बरोबरी केली. मग लावालचा चेंडू अनुभवी सुबिसारेताच्या हातून निसटून आत गेला आणि ऑलिसेनं दुरून मारलेल्या फटक्यानं ३-२ असा निकाल लागला. बल्गेरियालाही हरवून नायजेरिया गटात पहिला आला. पण पात्र ठरल्यावर शिस्त सुटली. पराग्वेकडून हार, आणि बाद फेरीत डेन्मार्कनं बारा मिनिटांत दोन गोल करून पुढे ४-१ नं धुव्वा उडवला. भीती घालवणं हे ज्याचं कसब, त्याला निर्धास्त झालेला संघ आवरता आला नाही.

चीनमध्ये जाताना बोरानं खरी जोखीम घेतली. १९५८ च्या स्पर्धेपासून चीन अधूनमधून प्रयत्न करत होता आणि दर वेळी कुठल्यातरी निर्णायक सामन्यात ढेपाळत होता. खेळाडूंवर अपेक्षांचं दडपण भयंकर. २००० च्या सुरुवातीला आलेल्या बोरानं सरावात मधोमध जाळं बांधलं आणि खेळाडूंना पायांनी टेनिस खेळायला लावलं. चेंडू जमिनीवर एकदाच पडू द्यायचा, डोक्यानं-पायानं पलीकडे टोलवायचा, हसायचं, हरलेल्यानं शिक्षा भोगायची. चिनी वृत्तपत्रांनी झोड उठवली की हा सराव आहे की पोरखेळ! तो ‘आनंदी फुटबॉल’ म्हणत राहिला. ‘वृत्तीवर सारं अवलंबून’ अशा अर्थाची चिनी अक्षरं असलेली टोपी घालून मैदानावर येत राहिला. ७ ऑक्टोबर २००१ ला शेनयांगमध्ये यू गेनवेईच्या गोलनं ओमानला १-० असं हरवून चीन पात्र ठरला. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान म्हणून आधीच आत असल्यानं वाट सोपी झाली होती, हे खरं. पण वाट सोपी असतानाही चीन पूर्वी घसरला होता, आणि नंतर तर २०२६ पर्यंतच्या एकाही विश्वचषकाला तो पुन्हा पात्र ठरलेला नाही.

या सगळ्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा दिवस म्हणजे ४ जून २००२. ग्वांगजू शहरात चीनचा विश्वचषकातला पहिला सामना होता कोस्टारिकाशी. कोस्टारिकाच्या बाकावर होता अलेक्झांद्रे गिमाराइश, १९९० च्या बोराच्या संघातला खेळाडू. त्याच्या संघात एर्नान मेडफर्ड अजूनही होता. कोस्टारिका २-० नं जिंकली. शिष्यानं गुरूला हरवलं, आणि ज्या देशाला बोरानं बारा वर्षांपूर्वी भीड मोडायला शिकवली त्यानंच त्याचा शेवटचा विश्वचषक कठीण करून ठेवला. त्याच स्पर्धेत मेक्सिकोचा प्रशिक्षक होता हाविएर आगिरे, माँतेरेत लाल कार्ड मिळालेला तोच. अमेरिकेच्या संघात १९९४ चे स्टुअर्ट आणि रेना खेळत होते. नायजेरियाही तिथं होता. बोरानं विश्वचषकात नेलेले पाचही संघ २००२ ला एकाच स्पर्धेत उतरले होते. त्यातल्या दोन संघांना त्यानंच घडवलेले खेळाडू शिकवत होते. पाच विश्वचषकांच्या विक्रमापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. विक्रम मोडला जाईल. खेळाडूच्या डोक्यात पेरलेला प्रश्न मात्र पुढच्या पिढीच्या सरावापर्यंत जातो.

तो आपल्यापर्यंतही आला आहे. २०१६ मध्ये हेच गिमाराइश मुंबई सिटी एफसीचे प्रशिक्षक म्हणून अंधेरीच्या मैदानावर उभे होते. दिएगो फोर्लान आणि सुनील छेत्री त्या संघात होते, आणि त्या हंगामात मुंबईनं साखळीत पहिलं स्थान मिळवून प्रथमच उपांत्य फेरी गाठली. बोराच्या आधी चीनच्या संघाला शिकवणारा बॉब हाउटन पुढे भारताचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या काळात आपण २०११ चा आशियाई चषक खेळलो. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, बोराच्याच देशातून आलेल्या मिलोवाननं भारताला सिंगापूरच्या आशियाई चषकापर्यंत नेलं होतं आणि तिथं इराणला गोलशून्य बरोबरीत रोखलं होतं. १९९८ ला क्रोएशियाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या संघात खेळलेला इगोर स्टिमाच अलीकडे पाच वर्षं आपल्याकडे होता. परदेशी प्रशिक्षक आणायचा, दोन स्पर्धा पाहायच्या आणि निकाल फिरला की बदलायचा, हा खेळ आपण वर्षानुवर्षं करतो आहोत. बोराची कारकीर्द त्या दृष्टीनं वाचण्यासारखी आहे. थोड्या दिवसांसाठी आलेला प्रशिक्षक धीर देऊ शकतो, पण खेळाडू तयार करू शकत नाही. पुमासनं घडवलेली पोरं हाती होती म्हणून मेक्सिको उभा राहिला. अमेरिकेत महासंघानं चार वर्षं आणि पगारी तळ दिला म्हणून तिथं काही उरलं. चीनमध्ये त्याच्यामागे काहीच उभारलं गेलं नाही, म्हणून तो गेल्यावर सगळं जागच्या जागी राहिलं.

२००२ नंतरची त्याची वर्षं फारशी सुखाची नाहीत. होंडुरास जमलं नाही, जमैका जमलं नाही. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये त्याच्या इराकच्या संघानं दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडशी गोलशून्य बरोबरी केली, स्पेनकडून अवघ्या एका गोलनं हार पत्करली, पण स्वतः एकही गोल केला नाही. ही प्रकरणं या पुस्तकात गाळलेली नाहीत याचं मला समाधान आहे. चरित्रनायकाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडची सवय इथं पाळलेली नाही.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे संघ सांभाळणारे, गोव्यात क्लबांच्या मुलांना शिकवणारे, मुंबईत शाळांच्या संघांबरोबर उन्हात उभे राहणारे कितीतरी जुने खेळाडू आज प्रशिक्षक झाले आहेत. हे पुस्तक प्रथम त्यांनी वाचावं, अशी माझी विनंती आहे. त्यांनी सुरुवात कोस्टारिकाच्या प्रकरणापासून केली तरी चालेल. पण पुमासचं प्रकरण सोडू नये. ते सगळ्यात कमी गाजलेलं आणि सगळ्यात कामाचं आहे.